मागितला धीर, आला दीर

सूचनाबाईंनी मागितला होता धीर. आला दीर. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी बाईंच्या आवाजाबद्दल सांगावं लागेल.

बाई बसस्थानकावर सूचना द्यायच्या. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर एक काचेची खोली होती. तिच्यात एक स्टूल, वर्षानुवर्षांच्या श्वासांनी करडा पडलेला माईक आणि एक टेबलपंखा. सूचना देण्याआधी पंखा बंद करायचा आणि दिल्यावर चालू करायचा. त्यामुळे बाईंचं अर्धं आयुष्य घामात आणि अर्धं वाऱ्यात गेलं. अमुक गावाला जाणारी गाडी तमुक फलाटावर लागत आहे, एवढंच त्यांना म्हणायचं असे, पण त्या म्हणत तेव्हा गाडी खरोखर तिथे लागलेली असे. लोकांचा फलकापेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास होता.

त्यांचे काही नियम होते. तोंडात घास असताना माईक हातात घ्यायचा नाही. सूचना चुकली तर माफी मागत बसायचं नाही, सगळी सूचना पहिल्यापासून पुन्हा द्यायची. आणि 'उशीर' आणि 'रद्द' यांत गल्लत करायची नाही. गाडीला उशीर झाला तर ते बाई सांगू शकत. रद्द झाली हे सांगायचा अधिकार फक्त साहेबांना. म्हणून गाडी कितीही रखडली तरी साहेब जिना चढून वर येईपर्यंत बाई म्हणत राहायच्या, "गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांनी धीर धरावा." यातलं दुसरं वाक्य त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. छापील मजकुरात नुसती दिलगिरी होती. दिलगिरीने कोणाचे पाय दुखायचे थांबत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

घरीदारीही त्या सूचना द्यायच्या, म्हणून हे नाव चिकटलं. नवऱ्याने कोणता सदरा घालावा, शेजारणीने सुनेशी कसं बोलावं, पाळकांनी प्रवचन कुठे संपवायला हवं होतं. सगळं स्पष्ट, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं. दर रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचं काम अर्थात त्यांच्याकडेच होतं. मागच्या बाकावर डुलकीसाठी बसणाऱ्यांची त्याबद्दल जुनी तक्रार होती.

निवृत्तीच्या आधी स्थानकावर यंत्र आलं. बाईंना एका कपाटाएवढ्या खोलीत बसवून त्यांच्याकडून सगळी गावं, सगळे आकडे आणि सगळी वाक्यं एकेक करून वदवून घेतली. बाई निवृत्त झाल्या, आवाजाला मुदतवाढ मिळाली.

त्यांचा नवरा डेपोत फिटर होता. त्याच्या छातीचं दुखणं लांबलं. चर्चच्या सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, उपास केले, आणि तो गेला. त्याच्या दफनाच्या वेळी पाठ बाईंनीच वाचला. दुसऱ्या कोणी वाचला असता तर त्यांना चुका ऐकू आल्या असत्या. संकटातून धीर येतो, धीरातून माणूस कसाला उतरतो आणि तिथून आशा, अशा अर्थाचा तो उतारा. वाचन संपलं तेव्हा नवऱ्याचा धाकटा भाऊ, म्हणजे बाईंचा दीर, खड्ड्याच्या पलीकडून म्हणाला, "वहिनी, तुमच्या देवाची गाडी कायमची लेट."

बाईंनी पुस्तक मिटलं. "लेट आहे भावजी. रद्द नाही."

"मग माझ्या भावाने फलाटावर किती उभं राहायचं होतं?"

"आवाज खाली," बाई म्हणाल्या. त्यानंतर दोघांत बोलणं उरलं नाही. दीर आपल्या गावी परत गेला. तिथे त्याचं किल्ल्या करून देण्याचं दुकान होतं. लग्न केलं नव्हतं. चर्चची पायरी त्याने पुन्हा चढली नाही.

एके सकाळी बाई दात घासत होत्या. फेस ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागला. त्यांनी आरशाला सूचना द्यायचा प्रयत्न केला, ती बाहेर आली नाही. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा पाय ओढत होता, उजव्या हातात पेला धरण्याइतकी ताकद नव्हती, आणि तोंड एका बाजूला कललं होतं. भेटायला येणारी मंडळी त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलू लागली. वाकडं तोंड झालं होतं, कान नाही, पण हे सांगणार कोण.

"देवाची इच्छा," एक बाई खाटेजवळ ओरडली.

"परीक्षा बघतो तो," दुसरी ओरडली.

सूचनाबाई छताकडे बघत राहिल्या. या दोघींना कोणत्या फलाटावर पाठवावं ते त्यांना नक्की माहीत होतं.

पूर्वी त्यांची प्रार्थना लांबलचक असे, थांबे घेत जाणारी. आता जीभ उचलत नव्हती. मनातल्या मनात करता आली असती, पण आयुष्यभर मोठ्याने बोललेल्या माणसाला मनातलं खरं वाटत नाही. त्या नुसतं "देवा" म्हणत आणि थांबत. पुढचं त्याने समजून घ्यावं. तो समजतो की नाही, याबद्दल त्या दिवसांत त्यांना शंका होती.

मग पाळक आले. तरुण, घाईतला, मनाचा चांगला माणूस. खुर्ची ओढून म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी काय मागू?"

बाईंनी श्वास गोळा केला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. बरं वाटणं नको, चालणं नको, हे सगळं सोसायला धीर हवा होता.

"दीर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला. दीर. अवा."

पाळकांचे डोळे भरून आले. कबरीपाशी काय घडलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बाईंचा हात दाबला, बाहेर जाऊन फोन लावला, आणि पुढच्या रविवारी क्षमेवर प्रवचन केलं. नाव घेतलं नाही, म्हणून सगळ्यांना कळलं.

दीर आला तो हत्यारांची पेटी आणि एक पिशवी घेऊन. दारात उभा राहिला. वयाबरोबर चांगलाच सुटला होता. "बोलावलंत वहिनी?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. झटक्यापासून ते सारखंच यायचं. दिराने त्याचा वेगळा अर्थ घेतला.

"बरं, बरं," तो खाली बघून म्हणाला. "आलो ना मी." आणि पेटी कोपऱ्यात ठेवली.

त्याने गल्लीच्या तोंडाशी दुकान मांडलं. गिऱ्हाइकाची किल्ली कानशीने घासता घासता तो ज्याला त्याला सांगायचा, "तोंडातून शब्द फुटत नव्हता हो वहिनीच्या, पण पहिलं कोणाला बोलावलं? मला." हे बाईंच्या कानावर आलं. सुरुवातीला त्यांना खुलासा करता येत नव्हता म्हणून केला नाही. नंतर, थोडं बोलता यायला लागल्यावरही, केला नाही.

घरातले व्यवहार अवघड होते. बाई त्याला "भावजी" म्हणत, ते "बावजी" ऐकू येई. "भावजी आणि बावळट यांच्या मधला कोणी दिसतोय," दीर म्हणाला, आणि त्या हाकेला ओ देऊ लागला. एकदा खिडकीतल्या कुंडीकडे बोट करून बाई म्हणाल्या, "जाडाला पाणी द्या." दिराने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायला, आणि येऊन म्हणाला, "दिलं. पण नावं ठेवायचं कारण नव्हतं." झाड दोन दिवस तसंच राहिलं.

शेवटी तो त्यांना दवाखान्यात वाचा सुधारणाऱ्या मुलीकडे घेऊन गेला. मुलीने बाईंकडून बरेच शब्द म्हणवून घेतले आणि निदान सांगितलं, "काकूंचे अल्पप्राण शाबूत आहेत. महाप्राण गेलेत."

दिराचा चेहरा उतरला. "म्हणजे आता थोडेच उरलेत?"

"अहो, व्याकरणातले," मुलगी म्हणाली. "ख, घ, झ, ध, भ. ज्यांना जास्त श्वास लागतो ते. ह पण."

तिने उपाय सांगितला. तोंडासमोर मेणबत्ती ठेवायची. 'द' म्हटलं तर ज्योत हलत नाही. 'ध' नीट म्हटला तर हलते. हलेपर्यंत म्हणत राहायचं.

मेणबत्त्यांची थोटकं दीर चर्चमधून आणायचा. फाटकाबाहेर उभा राहून हाक मारायचा, आत जायचा नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो टेबलावर थोटूक लावून समोर किल्ली घासत बसे आणि बाई ज्योतीला दीर, दीर, दीर म्हणत. आपल्या नावाचा इतका जप कोणी केल्याचं त्याच्या आयुष्यात घडलं नव्हतं. त्याला वाटे, हा शब्द वहिनींनी मुद्दाम निवडला असावा.

एकदा बाईंनी हळूच फुंकर घातली. ज्योत हलली.

"ही फुंकर झाली," दीर मान वर न करता म्हणाला. "मी बघतोय."

बाईंना एवढी तळमळ कशाची होती, ते मंडळीला माहीत होतं. दरवर्षी एका रविवारी तोच पाठ यायचा, दफनाच्या वेळी वाचलेला. तो रविवार जवळ येत होता. झटक्यानंतर वाचन गणिताच्या मास्तरांकडे गेलं होतं, आणि ते शास्त्र पाढ्यांसारखं वाचत. हा एक पाठ मास्तरांच्या तोंडून ऐकायचा नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. ज्या वाक्यावर नवऱ्याला मातीत ठेवलं, ते अजून खरं आहे की नाही, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणून बघायचं होतं. पाळकांनी सुचवलं, 'ध' नसलेला एखादा उतारा वाचा. त्यांनी शोधलाही. पानभर शास्त्र महाप्राणाशिवाय कुठे सापडेना.

दिवस गेले. ज्योत सरळ उभी राहत होती, जणू तिचा या सगळ्याशी संबंध नव्हता. एका दुपारी बाईंनी डाव्या हाताने मेणबत्ती ढकलून दिली. मेण जमिनीवर, खाटेखालपर्यंत सांडलं.

"रद्द," त्या म्हणाल्या. हा शब्द अगदी स्वच्छ आला. त्यात महाप्राण नाही.

दीर उठला नाही. बसल्या जागेवरून वाकून त्याने एका कोऱ्या किल्लीने जमिनीवरचं मेण खरवडायला घेतलं. बराच वेळ खरवडत होता.

"रद्द करायचा अधिकार तुम्हाला कधीपासून मिळाला?" तो म्हणाला. "तुम्हीच सांगायचात. तो फक्त साहेबांचा."

बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"साहेब जिना चढून आलेत का? मला तरी दिसले नाहीत. तोवर काय म्हणायचं असतं, म्हणा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कबरीपलीकडून बोललेला तोच माणूस होता, आता गुडघ्यांवर आला होता आणि खाटेखालचं मेण काढत होता.

"लेट," त्या म्हणाल्या.

"हां," दीर म्हणाला, आणि दुसरं थोटूक लावलं.

रविवार चार दिवसांवर असताना ज्योत हलली. फार नाही, एखाद्याने मान तुकवावी तेवढी. बाईंनी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा हलली. शब्द खोलीत नीट उभा राहिला. धीर.

"आला, आला," दीर टेबलावर हात आपटून म्हणाला. "धीर. बघा, धीर." मग त्याचा हात तिथेच राहिला. तो शब्द तो मनात म्हणून बघत असावा, एकदा असा आणि एकदा तसा. "वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी पाळकांना तुम्ही काय मागितलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. पण चुकीची सूचना बाईंनी कधी दिली नव्हती. "धीर," त्या म्हणाल्या. "मागितला ओता."

दिराने मेणबत्ती चिमटीने विझवली. "म्हणजे मी दुसऱ्याच फलाटाची गाडी," तो म्हणाला, आणि दुकानावर जाऊन बसला. त्या संध्याकाळी त्याने एक किल्ली इतकी घासली की तिचे दातच उरले नाहीत. गिऱ्हाइकाने ती उजेडात धरून पाहिली आणि तशीच खिशात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने सगळी कामं नेहमीसारखी केली, झाडाला पाणीही घातलं, फक्त दुकानावर पूर्वीची ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. एकदाच म्हणाला, "रविवारी तुम्हाला पोचवतो. तिथून दुपारची गाडी आहे मला. तिकडचं दुकान किती दिवस बंद ठेवणार?"

बाईंना उत्तर द्यायचं होतं, पण ते लांब होतं आणि त्यात महाप्राण फार होते.

रविवारी हत्यारांची पेटी चर्चच्या फाटकाशी ठेवून दिराने बाईंना हाताला धरून आत नेलं. व्यासपीठाच्या पायऱ्या चढवल्या. त्यांना उभं करून तो बाहेर जायला वळला, पण मंडळी गीतासाठी उठली होती आणि मधली वाट भरली होती. म्हणून तो बसला. रिकामा असा पहिलाच बाक होता. पहिल्या बाकावर सहसा कोणी बसत नाही. शेजारच्या बाकावर गणिताचे मास्तर चष्मा लावून, पान उघडून तयार होते. वेळ आलीच तर.

बाईंनी पुस्तक नीट केलं. त्याच्या बाजूला मेणबत्ती जळत होती. त्या वाचू लागल्या. पूर्वी जे वाक्य एका श्वासात जायचं, ते आता तीन ठिकाणी थांबत होतं. मागच्या बाकावरचे लोक पुढे वाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कान द्यावा लागत होता. 'ख' आला तो गेला, 'भ' अर्धा आला. मग ते वाक्य आलं. बाई थांबल्या. त्यांनी पुस्तकावरून नजर काढली आणि समोरच्या बाकाकडे पाहिलं.

"संकटातून दीर येतो," त्यांनी वाचलं.

ज्योत हलली नाही.

गाणाऱ्या मुलींपैकी कोणीतरी खोकली. मास्तरांनी आपल्या पानात बोट ठेवून पाहिलं, तिथे 'ध' होता. पाळकांनी डोळे मिटले. आता बाई सगळं पहिल्यापासून वाचतील, असं जुन्या लोकांना वाटलं, कारण चुकलं की त्या तसंच करायच्या. बाईंनी तसं केलं नाही. त्या पुढे गेल्या.

"धीरातून," त्यांनी वाचलं, आणि ज्योत चांगली आडवी झाली, "माणूस कसाला उतरतो. आणि तिथून आशा."

पहिल्या बाकावरचा माणूस मेणबत्तीकडेच बघत होता. त्या ज्योतीशी त्याची ओळख इतर कोणाहीपेक्षा जुनी होती. ती कधी हलते आणि कधी हलवली जात नाही, हे त्याला कळत असे. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि ठेवून दिला.

उपासना संपल्यावर पाळक म्हणाले, "छान वाचलंत बाई. पहिल्या वेळी जरा निसटला, पण दुसऱ्या वेळी अगदी स्पष्ट."

"दोन्ही बरोबर," बाई म्हणाल्या. 'ह' जपून उच्चारला.

पाळक हसले. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांना ती खाट, ती खुर्ची आणि तो फोन आठवत असावा. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. क्षमेवरचं प्रवचनही मागे घेतलं नाही.

बसस्थानक तिथून जवळ होतं. बाई म्हणाल्या, येते. दोघं फलाटावरच्या बाकावर बसले, मध्ये पेटी. दिराची गाडी लागलेली नव्हती. वर काचेची खोली रिकामी होती आणि तिच्या खाली टांगलेल्या कर्ण्यांतून बाईंचा आवाज येत होता, भरदार, एकही महाप्राण न सांडलेला. "गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांनी धीर धरावा."

"काय तोऱ्यात बोलते ही," दीर वर बघत म्हणाला.

"तिला काय ओतंय," बाई म्हणाल्या. त्या थकल्या होत्या, शब्द पुन्हा निसटत होते.

शेजारी पिशव्या घेऊन बसलेली एक बाई वैतागून वळली. "काय म्हणाली हो? कर्ण्यातलं काही कळतच नाही."

सूचनाबाईंनी सवयीने सूचना पुन्हा दिली. "गाडी उशिरा. दीर दरावा."

त्या बाईने दोघांकडे पाहिलं. सूचनाबाईंनी आपला उजवा हात पेटीवरून नेऊन दिराच्या बाहीवर ठेवला होता.

गाडी आली. लोक चढले. पिशव्यावालीही चढली. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "काका, चढताय का? एक सीट आहे."

दिराने बाहीवरच्या त्या हाताकडे पाहिलं. बोटं नुसती टेकलेली होती. पेला धरण्याइतकीही ताकद नव्हती त्या हातात.

"कसा चढू," तो म्हणाला. "हात सुटत नाहीये."